दोरीवरचं कोरं कार्ड

केंब्रिज, ऑन्टारिओ
९ जून २०१७

प्रिय राजन,

माझं अक्षर ओळखून तू हे पाकीट सरळ रिसायकलिंगच्या निळ्या डब्यात टाकशील, म्हणून वरचा पत्ता जयंतीकडून लिहून घेतलाय. फोन तू उचलत नाहीस, ईमेल उघडत नाहीस. कागद निदान फाडण्यापुरता तरी हातात धरावा लागतो. धरलायस ना? मग दोन मिनिटं धर.

एकवीस वर्षं आपण बोललो नाही, तरी तुझं सगळं मला कळतं. गुडघ्याचं ऑपरेशन, कॉन्डोचं गळणारं छत, बाल्कनीतले टोमॅटो खारी पळवतात ते. दर रविवारी जयंती आणि प्रमोदिनीवहिनी दीड तास फोनवर असतात. भांडताना या दोघींना आपापल्या बाजूला ओढून घ्यायचं आपण साफ विसरलो.

मुद्द्याचं लिहितो. क्रिंगलसाहेब शेवटचा रिव्ह्यू, शेवटचा नाच-गाणी-कसरतींचा खेळ, करतायत. शनिवार, सात ऑक्टोबर, किचनरचा जर्मन क्लब, आपलाच हॉल. वय चौऱ्याऐंशी. दोन वर्षांपूर्वी ट्रूडीबाई गेल्या आणि तेव्हापासून ते वॉटर्लूला एका सीनियर्स होममध्ये राहतात. खोलीत पलंग, खुर्ची आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कपडे वाळत घालायची दोरी. नर्सना वाटतं, आजोबा मोजे वाळवतात. तुला माहीत आहे दोरी कशासाठी ते. दर आयटमचं एक कार्ड, लाकडी चिमट्याने टांगलेलं, रोज सकाळी दोन कार्डांची अदलाबदल, आणि कुठेतरी एक कोरं. "रिव्ह्यूला गोष्ट नसते, हेर साउंड. क्रम हीच गोष्ट. आणि आयुष्य ऐनवेळी एखादा आयटम पाठवतं, त्याला जागा ठेवावी." मी अजून त्यांचा 'हेर साउंड', जर्मनमधला श्रीयुत साउंड, आहेच. तीन व्हॅनसकट साउंडची कंपनी गेल्या वर्षी विकली, कान तेवढे विकले नाहीत. पण 'हेर लाईट' मात्र तुझ्यानंतर त्यांनी कुणालाच म्हटलं नाही.

क्लबने माझ्यावर एक काम टाकलंय. कार्यक्रमपत्रिकेत त्यांच्या कारकिर्दीवर एक पान. दहावी नापास माणसाला! लिहिलंय तसं इथे उतरवतो. चुका काढ, त्यात तुला आनंद असतो.

"ओटोमार क्रिंगल, जन्म १९३३, एल्ब नदीकाठच्या गावी, वडील पाववाले. युद्ध संपलं तेव्हा वय बारा. शहरात धड भिंती उरल्या नव्हत्या, पण व्हरायटी थिएटर सुरू होतं. त्याची पोस्टरं चिकटवायचं काम मिळालं. निम्मा दिवस उभी भिंत शोधण्यात जायचा. मग पडदा ओढणं, मग जादूगाराची कबुतरं सांभाळणं, आणि तिशीच्या आत स्वतः दिग्दर्शक. एका खेळात सोळा आयटम: नाच, नकला, कसरती, गाणी. दोन आयटमच्या मध्ये सात सेकंदांहून जास्त रिकामं नाही, हा नियम. बर्लिनची भिंत उभी राहायच्या सहा आठवडे आधी पश्चिमेला आले, सुटकेसमध्ये शर्ट दोन आणि शहामृगाची पिसं चाळीस. हॅम्बुर्गला दोन वर्षं, मग जहाजांवरचे रिव्ह्यू. तिथेच तारेवर चालणारी ट्रूडी भेटली. १९६७ला मॉन्ट्रियलच्या एक्स्पोला कंपनीबरोबर आले. कंपनी परत गेली, हे दोघे गेले नाहीत. ऑन्टारिओत दिवसा सॉसेजच्या कारखान्यात काम आणि शनिवारी जिथे सॉकेट सापडेल तिथे रिव्ह्यू: चर्चचं बेसमेंट, कर्लिंगचा हॉल, फाउंड्रीची कॅन्टीन. आठ फुटांवरच्या तारेवर छत्री घेऊन चालणाऱ्या ट्रूडी क्रिंगल इथल्या दोन पिढ्यांना आठवतात."

फाउंड्रीच्या कॅन्टीनमध्येच आपण त्यांच्या हाती लागलो हे पत्रिकेत घातलं नाही. मी तिथे साचे ओतायचो आणि दोन स्पीकर भाड्याने द्यायचो. तू तिथला डिग्रीवाला इलेक्ट्रिकल इंजिनियर. फ्यूज उडाला म्हणून तुला बोलावलं आणि तू अठरा वर्षं थांबलास.

आता खरं काम. साहेबांची नजर गेलीय. नजरेच्या मधोमध डाग आहे, कडेचं तेवढं दिसतं. क्लबने कॉम्प्युटरवाला लाईट बोर्ड घेतलाय, सगळा उजेड समोरून. पहिल्या तालमीला ते पाच मिनिटं बघत बसले आणि म्हणाले, "मला पिठाचे गोळे हलताना दिसतायत. हेर लाईट बाजूने प्रकाश टाकायचा. त्यात माणसाला कडा असायच्या. कडा असल्या तर मला दिसेल. नाहीतर माझाच शो मी रेडिओसारखा ऐकणार." आणि स्टॉपवॉच खिशात टाकून उठले. राजन नाही तर शो नाही.

तेव्हा ये. ९६चं म्हणशील तर सोडून दे. फेब्रुवारीचे दिवस, सगळ्यांच्या बुटांचं बर्फ वितळून स्टेजवर पाणी झालेलं, दिव्यांच्या केबलच्या कनेक्टरमध्ये गेलं, दिवे गेले. ट्रूडीबाई तारेवर होत्या, पण पडल्या नाहीत ना? चूक कुणाच्याही हातून होते. इतक्या वर्षांनी कोण काय मनात धरतं?

तुझा,
बळवंत


केंब्रिज
११ जुलै २०१७

प्रिय राजन,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. एकवीस वर्षांत तीन वाक्यं. मी ती फ्रिजवर लावली आहेत. "तार आठ नव्हे, सात फुटांवर होती. कबुतरं नव्हे, ससे. मी लाईट करत नाही."

पहिल्या दोन दुरुस्त्या केल्या. तिसरी साहेबांना सांगायची हिंमत झाली नाही. 'हेर लाईट विचार करतायत' एवढंच सांगितलं. त्यावर ते तालमी घ्यायला लागले आहेत, म्हणजे आता मी दोन्हीकडून अडकलोय.

तालमीला तू असायला हवा होतास. होममधले एक निवृत्त डेंटिस्ट बोलक्या बाहुलीचा खेळ करतात, ओठ अजिबात हलत नाहीत. साहेब म्हणाले, वा, काय कसब! डेंटिस्ट म्हणाले, कसब नाही, स्ट्रोक आहे. एक पोर्तुगीज आजी अकॉर्डियन वाजवतात. आणि आपल्या मंडळाच्या बायका मंगळागौरीचे खेळ करणार आहेत. जयंती सदुसष्टाव्या वर्षी फुगडी घालते. साहेबांनी ती आधी कानांनीच पाहिली, पायांचा आवाज, बांगड्यांचा आवाज, आणि मला विचारलं, "हे दोन्ही बाजूंनी मागे झुकून फिरतात आणि पडत नाहीत?"

"नाही. हात सोडले तरच पडतात."

"ट्रूडीला हे दाखवायला हवं होतं," म्हणाले, आणि फुगडीचं कार्ड तेराव्या जागेवर टांगलं. तेरावी जागा कुणाची असायची ते तुला आठवत असेल.

तू त्या फेब्रुवारीबद्दल स्वतःला दोष देत बसू नकोस, एवढंच पुन्हा सांगतो. बर्फाचं पाणी होतं. त्यांनी तेव्हा तुला "तीस वर्षांत माझ्या बायकोला कुणी अंधारात उभं केलं नव्हतं" म्हटलं, ते भीतीपोटी. दुसऱ्याच दिवशी त्यांना पश्चात्ताप झाला होता. पण तू केबल गुंडाळून, "लाईट माझे, चूक माझी" म्हणून निघून गेला होतास.

इथवर लिहिलं आणि जयंती चहा घेऊन आली. चष्मा नाकावर ओढून खांद्यावरून वाचलं. तुला तिची सवय माहीत आहे.

"भावोजींनी कार्डात बर्फाचं काही विचारलंय का?"

"नाही."

"मग तुम्ही दोन्ही पत्रांत बर्फाचं पाणी, बर्फाचं पाणी काय लावलंय?"

चहा ठेवून गेली. चहा गार झालाय. आज इथेच थांबतो.

बळवंत


केंब्रिज
६ ऑगस्ट २०१७

राजन,

बर्फाचं पाणी नव्हतं.

हे वाक्य लिहायला तीन आठवडे लागले. मधल्या वेळात मी गराज रंगवलं, छताचं गटर साफ केलं आणि ऐन उन्हाळ्यात विंटर टायर्सना साबण लावून धुतलं. जयंती नुसती बघत होती. आता पुढचं लिहितो.

प्रत्येक शोच्या आधी रंगदेवतेला नारळ फोडायचा, हे आपण इचलकरंजी आणि नागपूरहून इथे आणलेलं. साहेबांची हरकत नव्हती, फक्त स्टेजवर पाणी नको म्हणायचे. म्हणून तू नेहमी मागच्या दाराबाहेरच्या सिमेंटच्या पायरीवर फोडायचास. त्या दिवशी उणे चोवीस होतं. तू शिडीवर, मी उशिरा पोचलेला, दार बर्फाने चिकटलेलं. दोन लाथा मारल्या, हललं नाही. पहिली घंटा झाली. नारळाशिवाय तिसरी घंटा होऊ द्यायची माझी हिंमत होईना. बाप नाटक कंपनीचे कर्णे बांधायचा, माझं बालपण त्यात गेलंय.

डाव्या विंगेत तुझा मोठा कनेक्टर होता. तू नेहमी ठेवायचास तसा, लाकडी ठोकळ्यावर. "जमिनीवर पाणी असणारच असं धरून चालायचं," हे तूच मला शिकवलंस. मी तो ठोकळा काढून घेतला. क्लबच्या मेपलच्या फळीला खड्डा पडू नये म्हणून ठोकळ्यावर नारळ ठेवला आणि हातोडीने फोडला. पाणी उडालं. रुमालाने पुसलं. कनेक्टरही वरून पुसला. ठोकळा परत खाली सरकवायचा राहिला. दुसरी घंटा झाली होती.

आणि मग मी शिडीखाली येऊन तुला खोबऱ्याचा तुकडा दिला. तू तोंडात टाकलास आणि विचारलंस, "कुठे फोडलास?" मी म्हणालो, "बाहेर."

तेराव्या आयटमला तू सगळे दिवे पूर्ण चढवलेस, ट्रूडीबाई तारेच्या मध्यावर आल्या. सगळ्या हॉलला आधी अंधार कळला. मला त्याच्या एक सेकंद आधी डावीकडून 'चर्र' असं ऐकू आलं, तापलेल्या तव्यावर पाणी पडावं तसं. म्हणजे त्या क्षणीच मला माहीत होतं, राजन. एकवीस वर्षं ज्या कानांची मी फुशारकी मारतोय, त्याच कानांनी ऐकलं. ट्रूडीबाई अंधारात तारेवरच खाली बसल्या आणि गाऊ लागल्या, लोकांनी लायटर पेटवले, टाळ्या झाल्या. आणि तू गुडघ्यावर बसून ओला कनेक्टर हातात घेऊन साहेबांना म्हणालास, चूक माझी. मी सहा फुटांवर उभा होतो. कोटाच्या खिशात करवंट्या होत्या.

उद्या सांगू म्हटलं. मग तुझा चेहरा बघून परवा. मग तू देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, कोक्विटलामला गेल्याचं कळलं आणि मला, खरं सांगतो, हायसं वाटलं. त्याची लाज सगळ्यात जास्त आहे.

आता तू शोला नाही आलास तरी हे पत्र मागे घेणार नाही. आलास तर माझ्यासाठी म्हणून येऊ नकोस. म्हाताऱ्याला एकदा डोळ्यांनी बघू दे.

बळवंत


केंब्रिज
२९ ऑगस्ट २०१७

प्रिय राजन,

या वेळी पाकीट! तेही दोन कागदांचं. एकात बाजूच्या दिव्यांचा नकाशा, दुसऱ्यावर हे:

"बळ्या, मागचं दार त्या दिवशी संध्याकाळी उघडत नव्हतं, मी स्वतः बर्फ वितळवायला गरम पाण्याची केटल घेऊन गेलो होतो. त्यामुळे 'बाहेर' म्हणालास तेव्हाच मला कळलं. बर्फाचं पाणी चिकट नसतं. कनेक्टर चिकट होता. चूक माझी म्हणालो, कारण दिवे माझे होते आणि जागेवर कुणीतरी काहीतरी म्हणणं भाग होतं. तू रात्रीपर्यंत सांगशील असं वाटलं. मग आठवडाभर थांबलो. मग महिना. मला नारळाचा राग कधीच नव्हता. आता आधी म्हाताऱ्याला सांग. मग तिकीट काढतो."

मी हे वाचून बेसमेंटमध्ये जाऊन बसलो. किती वेळ ते सांगत नाही. वर आल्यावर जयंतीने गाडीची किल्ली हातात दिली.

साहेब दोरीखाली बसले होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं: नारळ, ठोकळा, हातोडी, चर्र. त्यांनी मान वर केली. मग विचारलं, "कोकोनट? माझ्या स्टेजवर?"

"हो."

"कनेक्टर गरम झाला. म्हणजे नारळाचं पाणी भाजलं गेलं असेल?"

"असेल."

राजन, म्हातारा हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला, नर्स धावत आली. झालं होतं असं: त्या दिवशी तारेवरून उतरल्या उतरल्या ट्रूडीबाई म्हणाल्या होत्या, अंधारात मला मॅकरूनचा वास आला. जर्मन लोक नाताळात खोबऱ्याची बिस्किटं करतात ना, ती. साहेब म्हणाले, भीतीने तुला भास झाला. त्यानंतर दर नाताळात ओव्हन उघडला की त्या म्हणायच्या, ओटोमार, हाच वास. आणि हे म्हणायचे, ट्रूडी, ती भीती. एकोणीस नाताळ!

"एकोणीस वर्षं मी माझ्या बायकोला खोटं पाडलं," ते डोळे पुसत म्हणाले, "आणि ती बरोबर होती. ती नेहमीच बरोबर असायची, हा तिचा एकच दोष." मग गंभीर झाले. "हेर साउंड, मला राग आला आहे. तो मी शोनंतर काढीन. आत्ता वेळ नाही."

उठून दोरी चाचपत कोरं कार्ड काढलं. डोळ्यांजवळ धरून जाड पेनने त्यावर नारळ लिहिला, जर्मनमध्ये, आणि ते सगळ्यात डावीकडे टांगलं. पहिला आयटम.

"कुणी फोडायचा?" मी विचारलं.

"दिग्दर्शकाने. स्टेजच्या मधोमध, सगळ्यांसमोर. कनेक्टरपासून पाच मीटर लांब. हेर लाईटला सांगा, मला बाजूने प्रकाश हवा. पाणी उडताना दिसलं पाहिजे."

सांगितलं. आता तिकीट काढ. एअरपोर्टला मी येतो. गाडीत बोललाच पाहिजेस असं नाही.

बळवंत


केंब्रिज
१५ ऑक्टोबर २०१७

प्रिय राजन,

तू खरंच गाडीत एक शब्द बोलला नाहीस. पिअरसन एअरपोर्ट ते केंब्रिज, पाऊण तास! आणि घरी आल्या आल्या जयंतीशी तासभर गप्पा. ती म्हणते, बरोबर केलं भावोजींनी, हप्त्याहप्त्यानेच बोलायचं असतं.

तू बूथमध्ये होतास म्हणून विंगेतलं तुला दिसलं नाही. ते लिहितो.

तिसऱ्या घंटेला साहेब सूट घालून माझ्याशेजारी उभे होते. हातात हातोडी, काखेत नारळ. आणि पायाशी तुझा ठोकळा. तू तो बॅगेतून काढून न बोलता स्टेजवर ठेवलास तेव्हा मी वळून केबल नीट करत असल्याचं सोंग केलं, हे आता कबूल करतो. तोच ठोकळा, कोपऱ्यात हातोडीची खूण. माणूस देश ओलांडून राहायला जातो आणि सामानात हे नेतो!

साहेबांनी नारळ दुसऱ्या काखेत घेतला. म्हणाले, "चौऱ्याऐंशी वर्षांत मी पडद्यापुढे कधी गेलो नाही, हेर साउंड. दिग्दर्शकाने दिसायचं नसतं."

"मागे फिरायचं असलं तर अजून वेळ आहे."

"मूर्ख आहात. पडदा."

मी हेडसेट चढवला. एकवीस वर्षांनी त्या तारेच्या दुसऱ्या टोकाला तुझा श्वास ऐकू येत होता. अजूनही तू आधी नाकाने घेतोस. मी स्टँडबाय म्हणणार इतक्यात तुझा आवाज आला: "बळ्या, पाणी कुठे सांडलंयस ते आधी सांग."

मी इतका हसलो की बँडला द्यायचा क्यू, सुरू करायचा इशारा, हुकला. तू दिवे वेळेवर आणलेस. साहेब त्या बाजूच्या सोनेरी उजेडात भर स्टेजवर उभे, आणि संगीताचा पत्ता नाही. लोकांना वाटलं, हे असंच असेल. मग नारळ फुटला, पाणी उडालं, एकेक थेंब वेगळा दिसला.

त्यानंतर सगळा वेळ ते विंगेत खुर्चीवर बसून होते आणि मला सांगत होते. बाहुलीचा हात. आजींच्या अकॉर्डियनची घडी. तेराव्या जागेवर जयंती आणि तिच्या मैत्रिणी फिरायला लागल्या तेव्हा ते पुढे झुकले, डोकं एका बाजूला वळवून, जिथून दिसतं तिथून. "दोघी मागे झुकल्यात," म्हणाले. "हात ताणलेत. नऊवारीला लाल काठ आहे. मला काठ दिसतोय." फुगडी संपेपर्यंत माझी बाही धरून ठेवली होती. मग नाक ओढून म्हणाले, "ट्रूडी बरोबर होती. अजून वास येतोय."

हे तुला सांगायचं होतं. म्हाताऱ्याने शो पाहिला, राजन. तू दाखवलास.

शेवटी सगळे स्टेजवर गोळा झाले, होममधले, क्लबमधले, मंडळाचे. तू तोवर शिडीवर चढून दिवे उतरवायला लागला होतास, टाळ्यांच्या वेळी पळून जायची तुझी जुनी खोड. साहेबांनी खिशातून स्टॉपवॉच काढलं, नाकाला टेकवून वाचलं आणि मोठ्याने म्हणाले, "पहिल्या आयटमला संगीत अकरा सेकंदांनी आलं. सात हवे होते. चार सेकंद माझे कुणी घेतले?"

बँडवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. बँडमास्तर बिचारा पुढे येऊन काहीतरी बोलायला तोंड उघडणार होता.

"मी," मी म्हणालो. "चूक माझी."

साहेबांनी स्टॉपवॉच बंद केलं. "शाबास," म्हणाले. "या वेळी तीन सेकंद लागले."

तुझा,
बळ्या